जोडीदार गेल्यावर एकट्या राहिलेल्या सशाला नवा सोबती आणावा का?

जुळे सोलापूर येथील एका भगिनींनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्याकडे नर आणि मादी अशी सशांची जोडी होती. दोघांचेही वय सुमारे ५ वर्षे. पहिल्या वर्षी एक वेत झाल्यानंतर त्यांनी नराची नसबंदी पुण्यात करून घेतली, मादीची शस्त्रक्रिया मात्र राहून गेली. मे महिन्याच्या सुरुवातीला मादी गेली. उन्हाचा कडाका होता, म्हणून ती उन्हानेच गेली असे घरच्यांनी धरले. पण त्याआधीचे काही आठवडे ती वाळत चालली होती आणि अधूनमधून तिच्या लघवीत रक्ताचे डाग दिसत होते, असेही त्यांनी लिहिले आहे. आता नर कूलरसमोरच्या तिच्या जागेवर जाऊन बसतो, कोथिंबीर आणि मेथी खातो पण वाळलेल्या गवताला तोंड लावत नाही, आणि पूर्वीसारखा संध्याकाळी घरभर फिरत नाही. सहावीतल्या मुलीला नवा ससा हवा आहे, सासूबाईंचे म्हणणे ‘आता पुरे’, आणि बाजारातला विक्रेता सांगतो की एक पांढरे पिल्लू घेऊन जा, आठ दिवसांत हा सगळे विसरेल. तेव्हा आणावा का, आणि आणायचा तर किती दिवसांत?

माझे उत्तर आधीच सांगते. सोबती आणावा, पण पिल्लू आणू नये. आणि या नराचे दात व पोट तपासून होईपर्यंत कोणताही ससा घरात आणू नये. असे का, हे मात्र सविस्तर सांगावे लागेल, कारण आपल्या पत्रातल्या दोन गोष्टी आपल्याला वाटतात त्यापेक्षा वेगळे काही सांगत आहेत.

जोडीदार गेल्यावर सशाच्या वागण्यात फरक पडतो, यात शंका नाही. आपण पाळतो तो ससा मूळचा युरोपातला, जमिनीत बिळे करून समूहाने राहणारा प्राणी आहे. एकमेकांचे डोके चाटणे, अंगाला अंग लावून पडणे, एकाने खायला सुरुवात केली की दुसऱ्यानेही करणे, हे त्याचे रोजचे व्यवहार आहेत. जोडीतला एक गेला की मागे राहिलेला काही दिवस शोधाशोध करतो आणि मग कोपरा धरतो. काही ससे माणसाच्या जास्त मागे लागतात, तर एरवी शांत असणारे काही ससे हात लावला की गुरगुरतात किंवा चावायला येतात. ज्या जोडीत एकाने दुसऱ्याला कायम दाबून ठेवलेले असते, तिथे मागे राहिलेला ससा उलट खुलतो, आणि घरच्यांना ते पाहून अवघडल्यासारखे होते. बहुतेक सशांत हे सगळे काही आठवड्यांत निवळत जाते. तिच्या जागेवर जाऊन बसणे, संध्याकाळचे फिरणे बंद होणे, हे मी याच खात्यात टाकेन. गवत सोडणे मात्र मला त्या खात्यात टाकवत नाही.

कोथिंबीर खाणाऱ्या सशाची भूक गेलेली नसते. गेली असती तर कोथिंबीरही पडून राहिली असती. सशाचे दात आयुष्यभर वाढत राहतात आणि ते झिजतात मुख्यतः गवत चघळून. मध्यम वयात दाढांना आतून-बाहेरून टोकदार कंगोरे येतात, ते जिभेला किंवा गालाला टोचू लागतात, आणि मग सर्वांत आधी बंद होते ते गवत, कारण त्यालाच सर्वांत जास्त चघळावे लागते. मऊ पाला तो बरेच दिवस खात राहतो, त्यामुळे घरच्यांना ‘खातोय की’ असे वाटते. मादी होती तेव्हाही हा गवत कमीच खात असण्याची शक्यता आहे. दोघांचे गवत एकाच ठिकाणी ठेवले की कोण किती खातो हे कळत नाही, आणि एक ससा गेल्यावर दुसऱ्याचा जुना आजार उघडा पडतो. खालच्या जबड्याच्या कडेवरून हलके बोट फिरवून पाहा: खड्यांसारखे उंचवटे लागतात का, हनुवटीखालचे केस ओले किंवा चिकट राहतात का, एका डोळ्यातून सतत पाणी येते का. पुढचे दात ओठ वर करून घरीही दिसतात, पण दाढा दिसत नाहीत. त्यांच्यासाठी पशुवैद्याला कान तपासण्याच्या दिव्याने तोंडात खोलवर पाहावे लागते आणि कधीकधी थोडी भूलही द्यावी लागते. दाढ दुखत असेल तर नवा सोबती आणून काहीही होणार नाही. उलट दुखण्याने चिडलेला ससा नव्या पाहुण्याला स्वीकारणार नाही, आणि ‘याला दुसरा ससा चालतच नाही’ असा चुकीचा निष्कर्ष घरात निघेल.

याच संदर्भात गवताबद्दलही विचारून घ्यावेसे वाटते. आपल्याकडे कडबा सहज मिळतो म्हणून अनेक घरांत सशापुढे ज्वारीचा कडबा टाकला जातो. त्याची पाने ससा खातो आणि जाड ताटे तशीच पडून राहतात, ते साहजिकच आहे. बारीक काडीचे वाळलेले गवत, हराळी किंवा मारवेल, हे त्याचे खरे खाणे. घास, म्हणजे ल्युसर्न, वाढत्या पिल्लाला ठीक आहे, पण प्रौढ सशाला रोज दिला तर त्यातले जास्तीचे कॅल्शियम लघवीत गाळासारखे साठू लागते. ज्वारीची कोवळी हिरवी धाटे अजिबात देऊ नयेत. ज्या किराळीने जनावरे दगावतात तिचे विष त्यांच्यातच असते.

तपासणीची वेळ मिळेपर्यंत रोज लेंड्यांकडे लक्ष ठेवा. निरोगी सशाच्या लेंड्या हरभऱ्याच्या दाण्याएवढ्या किंवा किंचित मोठ्या, गोल आणि एकसारख्या असतात, आणि वाळलेली लेंडी दोन बोटांत चुरडली की आतून निव्वळ गवताचा भुसा निघतो. खाणे कमी झाले की त्या लहान, काळपट आणि वेड्यावाकड्या होतात. कधी केसांनी एकमेकींना जोडलेल्या निघतात, आणि मग संख्या कमी होऊ लागते. स्वयंपाकघरातल्या किंवा दुकानातल्या डिजिटल काट्यावर टोपलीत बसवून दर दोन दिवसांनी वजन करा आणि लिहून ठेवा. मूळ वजनाच्या १० टक्के घट हा सशाच्या बाबतीत गंभीर इशारा आहे, आणि अंगावरच्या दाट केसांमुळे ती डोळ्यांना दिसत नाही.

आणि एक गोष्ट कोणत्याही शोकाच्या समजुतीखाली झाकली जाऊ नये. सशाने १२ तास काही खाल्ले नसेल किंवा लेंडीच टाकली नसेल, तर ती तातडीची अवस्था आहे. ‘जोडीदार गेलाय, दोन दिवस खाणार नाहीच’ असे म्हणून थांबू नये. सशाचे आतडे चोथ्याच्या सततच्या पुरवठ्यावर चालते. खाणे थांबले की आतडे मंदावते, वायू धरतो, पोट दुखते, दुखते म्हणून तो आणखी खात नाही, आणि शरीर चरबी वापरू लागले की तिचा भार यकृतावर पडतो. सशाला उलटी करता येत नाही, हेही लक्षात असू द्यावे. अशा वेळी अंग आणि कान गार लागत असतील तर रात्र असली तरी डॉक्टरांना फोन करावा. सशाचे नेहमीचे तापमान साधारण ३८.५ ते ४० अंश सेल्सिअस असते, आणि ते ३८ च्या खाली जाणे हे तापापेक्षा वाईट लक्षण आहे. पोट फुगून टणक झाले असेल तर सिरिंजने बळेच भरवू नये. आधी तपासणी, मग भरवणे. घरातल्या मुलांचे अमॉक्सिसिलिन सशाला तोंडावाटे दिल्याने आतड्यातले उपयोगी जिवाणू मरून ससे दगावतात, म्हणून औषधांच्या डब्याला हात लावू नये.

आता दुसरी गोष्ट. आपली मादी नुसत्या उन्हाने गेली, असे मला वाटत नाही. सशाची लघवी कधीकधी केवळ रंगद्रव्यांमुळे सगळीच्या सगळी लालसर किंवा नारिंगी होते आणि त्यात काही वावगे नसते. पण नेहमीच्या रंगाच्या लघवीत मध्येच लाल ठिपके किंवा गुठळ्या पडणे, ते थांबून पुन्हा येणे, आणि सोबत वजन उतरणे, ही ५ वर्षांच्या, शस्त्रक्रिया न झालेल्या मादीत गर्भाशयाच्या आजाराची ओळखीची खूण आहे. अशा माद्यांत वयाच्या चौथ्या वर्षानंतर गर्भाशयाचा कर्करोग इतका आढळतो की माद्यांची नसबंदी पिल्ले टाळण्यापेक्षा त्यासाठीच करावी, असे मी सांगते. शवविच्छेदनाशिवाय यावर शिक्का मारता येत नाही, तरी आपण लिहिलेला क्रम त्याच दिशेला बोट दाखवतो. उन्हाने शेवटचा धक्का दिला असेल. ज्यांच्या मनात ‘कूलर लवकर लावायला हवा होता’ हे घोळते आहे, त्यांनी ते सोडून द्यावे.

हे कारण एवढ्यासाठी महत्त्वाचे की नव्या सशाचा निर्णय त्यावरच उभा राहतो. गर्भाशयाचा आजार संसर्गजन्य नाही, म्हणून आपल्या घरात नव्या सशाला त्यापासून धोका नाही. परंतु हा मजकूर वाचणाऱ्या ज्यांच्याकडचा ससा नाकातून पाणी येऊन, मान एका बाजूला वाकडी होऊन, अचानक जुलाब लागून किंवा काही कळायच्या आत गेला, त्यांनी कारण शोधल्याशिवाय नवा ससा आणू नये. मान वाकडी करणाऱ्या परजीवीचे बीजाणू लघवीवाटे पसरतात आणि जागेवर कित्येक आठवडे टिकतात, आणि मागे राहिलेला ससा वरून ठणठणीत दिसत असतानाही ते पसरवत असू शकतो. रक्तीजुलाबाचे, म्हणजे कॉक्सिडियाचे, कण साध्या फिनाइलला दाद देत नाहीत. पिंजरा आणि जाळ्या उकळत्या पाण्यानेच धुवाव्या लागतात. ससा गेल्याबरोबर थोडा खर्च करून शवविच्छेदन करून घेतले तर मागे राहिलेल्याचे भले होते, हे फार कमी घरांना पटते. मृत्यू संसर्गाने झालेला नाही अशी खात्री असेल तर पुरण्याआधी तासभर मागे राहिलेल्या सशाला शेजारी बसू द्यावे. तो हुंगतो, कधी चाटतो, कधी ढकलून पाहतो आणि मग दूर जाऊन बसतो. असे केलेल्या घरांत नंतरची शोधाशोध कमी दिसते, असा माझा अनुभव आहे. आपल्याकडे ती वेळ गेली आहे, त्यामुळे त्याचा विचार करत बसू नये.

उन्हाचा मुद्दा तरीही उरतोच, कारण मे महिना पुढच्या वर्षी पुन्हा येणार आहे. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ अंशांवर जातो, आणि सशाला २८-३० अंशांच्या पुढेच त्रास सुरू होतो. त्याला घाम येत नाही, कुत्र्यासारखे धापा टाकून अंग निववणेही त्याला नीट जमत नाही; उष्णता बाहेर टाकायला कान, एवढेच काय ते साधन. गच्चीखालच्या किंवा पत्र्याच्या खोलीत दोन ससे ठेवायचे असतील तर आधी खोली बदलावी, मग ससा आणावा. खालच्या मजल्यावरची शहाबादी फरशी, टॉवेलात गुंडाळलेल्या गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या आणि वीज गेल्यावर काय करायचे याची आधीच केलेली सोय, एवढे असेल तर काम भागते.

विक्रेत्याच्या पिल्लाला माझा विरोध तीन कारणांनी आहे. बाजारात येणारी पिल्ले बहुधा आईपासून फार लवकर तोडलेली असतात. ८ आठवडे पुरे होण्याआधी तोडलेल्या पिल्लाचे आतडे नव्या खाण्याला तयार नसते, आणि घरी आणल्यावर आठवडाभरात जुलाब लागून ते दगावण्याचे प्रकार नेहमीचे आहेत. एक मृत्यू नुकताच पाहिलेल्या आपल्या मुलीला दुसरा दाखवायची ही तयारी झाली. दुसरे म्हणजे त्या वयात नर की मादी हे ओळखणे सरावाचे काम आहे, आणि विक्रेत्याने ‘मादीच आहे’ म्हणून दिलेले पिल्लू चौथ्या महिन्यात नर निघते. मग दोन नरांची मारामारी, जखमा, आणि फोन. अगदी लहान पिल्लाला मोठा ससा सहसा सहन करतो, म्हणून पहिले दोन महिने ‘किती छान जमले’ असे वाटते, पण पिल्लू वयात येताच ते सगळे पुन्हा शून्यावर येते. तिसरे कारण वयाचे. चांगल्या निगेतला ससा ८ ते १२ वर्षे जगतो. ५ वर्षांच्या नराला २ महिन्यांचे पिल्लू जोडले की आणखी काही वर्षांनी हेच पत्र आपण पुन्हा लिहाल, फक्त एकटा राहिलेला ससा दुसरा असेल. सासूबाईंचे ‘आता पुरे’ मला यासाठीच समजते. ज्या घराला एका टप्प्यावर सशांचे पाळणे थांबवायचे आहे, त्यांनी सोबतीही त्याच वयाच्या आसपासचा शोधावा.

असा प्रौढ ससा मिळतो कुठे, तर घराघरांतच. मेच्या सुट्टीत मुलांच्या हट्टापायी ससे घेतले जातात आणि जूनमध्ये शाळा सुरू झाली की ‘कोणी नेईल का’ अशी विचारणा सुरू होते. दरवर्षी आमच्याकडेही अशा चिठ्ठ्या येतात. त्यांत दोन-तीन वर्षे सांभाळून आता बदली झाली, घर बदलले, बाळाला ॲलर्जी निघाली अशा कारणांनी दिले जाणारे प्रौढ ससेही असतात. त्यांचे लिंग नक्की माहीत असते, स्वभाव माहीत असतो, आणि ‘जमले नाही तर परत घ्याल का’ हे मोकळेपणाने विचारता येते. दुकानातूनच घ्यायचा असेल तर २०१८ च्या पाळीव प्राणी दुकानांच्या नियमांनुसार दुकानाची नोंदणी आहे का, एवढे तरी पाहावे. नसबंदी झालेला नर आणि नसबंदी झालेली मादी ही जमायला सर्वांत सोपी जोडी. आपल्या नराची झालेलीच आहे, तेव्हा आपल्याला हवी आहे ती साधारण ३ ते ५ वर्षांची मादी.

इथे दोन गोष्टी ओघाने सांगते, कारण दोन्ही विचारल्या जातात. ऊसतोड किंवा ज्वारीच्या काढणीच्या वेळी शेतात सापडलेले रानसशाचे पिल्लू ‘सोबतीला’ घरी आणणे बेकायदा आहे. तो आपल्या माळरानावरचा वेगळ्या जातीचा प्राणी आहे, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे, आणि पिंजऱ्यात तो भीतीनेच मरतो. पिल्लू एकटे दिसले तरी ते सोडून दिलेले नसते. आई दिवसभर लांब राहते आणि अंधारात पाजायला येते, म्हणून ते होते तिथेच ठेवावे. दुसरे, गिनीपिग हा सशाचा सोबती नव्हे. त्याला खाण्यातून क जीवनसत्त्व लागते, सशाच्या एका लाथेने त्याची हाडे मोडू शकतात, आणि सशात निरुपद्रवी राहणारे काही जिवाणू त्याला न्यूमोनिया करतात.

मादीची शस्त्रक्रिया झालेली नसेल तर ती आधी करून घ्यावी. शहरातले सगळेच दवाखाने सशांच्या शस्त्रक्रिया करत नाहीत, आणि त्यात कमीपणाही नाही. सशाला भूल देणे हे कुत्र्या-मांजरांपेक्षा वेगळे काम आहे. डॉक्टरांना मोकळेपणाने विचारा की आपण सशांवर नेहमी शस्त्रक्रिया करता का, आणि आदल्या रात्री उपाशी ठेवायचे का. ‘रात्रभर उपाशी ठेवा’ असे उत्तर आले तर दुसरीकडे चौकशी करावी, कारण ससा शस्त्रक्रियेच्या सकाळीही खात असला पाहिजे. पुणे आपल्यापासून सुमारे २५० किलोमीटर आहे. न्यायचे असेल तर पहाटे निघावे आणि उन्हाळ्यात मुळीच नेऊ नये. ज्यांच्या नराची नसबंदी नुकतीच झाली आहे त्यांनी त्याला मादीपासून ६ आठवडे वेगळे ठेवावे, कारण तोवर त्याच्यापासून गर्भ राहू शकतो. गर्भाचा काळ जेमतेम ३१ दिवसांचा असतो, आणि व्यायल्या दिवशीच मादी पुन्हा गाभण राहू शकते.

नवी मादी आली की पहिले दोन आठवडे तिला वेगळ्या खोलीत ठेवा आणि हाताळल्यावर हात धुवा. या काळात विष्ठेची तपासणी, कानातल्या खपल्या, त्वचेवरचे गोल चट्टे, नाक आणि पुढच्या पंजांच्या आतली बाजू पाहून घ्यावी. नाक गळणारा ससा ते पंजांनीच पुसतो, म्हणून नाक कोरडे दिसले तरी पंजांचे चिकटलेले केस खरे सांगतात. गोचीड-पिसवांसाठी कुत्र्याचे फिप्रोनिलचे थेंब चुकूनही वापरू नयेत, सशाला ते विषारी आहेत. त्यानंतर दोघांच्या जागा जाळीने वेगळ्या पण समोरासमोर ठेवाव्यात, दोन जाळ्यांत चार बोटांचे अंतर राखून, म्हणजे नाक चावले जाणार नाही. एकाचा टॉवेल दुसऱ्याकडे, दुसऱ्याचा पहिल्याकडे, असे रोज बदलत राहावे. दोघे जाळीशी निवांत पसरून झोपू लागले की मगच प्रत्यक्ष भेट घडवावी, आणि ती अशा जागी की जिथे दोघांपैकी कोणाचाच हक्क नाही. आपल्या बाबतीत कूलरसमोरची ती जागा पूर्ण वर्ज्य.

विजापूर रस्त्यावरच्या एका घरातली अशी भेट मी समोर बसून पाहिली आहे. पाय घसरू नयेत म्हणून खोलीभर जुनी चादर अंथरली होती. मादी थेट पुढे गेली, हुंगले, आणि दोघे एकमेकांच्या शेपटीकडे तोंड करून गोल फिरू लागले. नराची शेपटी उभी, कान मागे दाबलेले. घरच्या ताईंचा हात उचलण्यासाठी पुढे गेला तो मी थांबवला, कारण त्या क्षणी मध्ये आलेला हात हमखास चावला जातो, आणि सशाचा चावा खोल असतो. झाडू आडवा धरला, फेरा तुटला. थोड्या वेळाने मादीने अंग चपटे करून आपले डोके त्याच्या हनुवटीखाली सरकवले, म्हणजे ‘मला चाट’. त्याने चाटले नाही. तो मागे सरून स्वतःचेच तोंड धुऊ लागला. ताईंना ते नाकारल्यासारखे वाटले, मला मात्र ती भेट यशस्वी वाटली, कारण समोरच्याची भीती असताना ससा डोळ्यांवर पंजे घेऊन तोंड धूत नाही. मेथीची एक जुडी मध्ये ठेवली, दोघांनी दोन बाजूंनी खाल्ली, आणि तिथेच आम्ही भेट संपवली.

अशा दहा-पंधरा मिनिटांच्या भेटी, प्रत्येक वेळी भांडणाच्या आधी थांबवलेल्या, काही आठवडे ते दोन-तीन महिने चालू शकतात. पाठलाग, थोडे केस उपटणे, अंगावर चढणे हे चालायचेच. चढण्यात वरचष्म्याचा हिशेब असतो, आणि तो माद्याही करतात. एकमेकांना घट्ट धरून चेंडूसारखे लोळत चावणे मात्र लगेच तोडावे, जाड हातमोजे किंवा टॉवेल वापरून, आणि मग काही दिवस पुन्हा जाळीवर यावे. रात्रभर एकत्र सोडण्याची घाई करू नये. थंडीचे दिवस या कामाला आपल्याकडे सर्वांत चांगले, फक्त दिवाळीचे फटाके आणि, घर होम मैदानाच्या आसपास असेल तर, गड्ड्यातल्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेतल्या, शोभेच्या दारूकामाचा आठवडा टाळावा. घाबरलेला ससा शेजारच्यावर राग काढतो.

आपला विचार अखेर ‘नको’ असा ठरला, तर त्याला मी क्रूरपणा म्हणणार नाही. पण मग पिंजऱ्याचे दार उघडे हवे, आणि घरातल्या कोणीतरी रोज काही तास, विशेषतः पहाटे आणि संध्याकाळी जेव्हा ससा जागा असतो, फरशीवर त्याच्यासोबत असायला हवे. कडेवर घेणे म्हणजे सोबत नव्हे, बहुतेक सशांना ते आवडत नाही. दाढा, सांधे किंवा मूत्रपिंडे बिघडलेल्या म्हाताऱ्या सशाला मी स्वतःहून सोबती सुचवत नाही, कारण नव्या सशाशी जुळवून घेण्याचा ताण त्याला झेपत नाही. घरचे सगळे दिवसभर बाहेर असतील तर दुसऱ्या सशाच्या घरी त्याला देणे हाही मार्ग आहे, आणि तो फारसा कोणी बोलून दाखवत नाही. आपल्याकडे सासूबाई दिवसभर घरी असतात, असे पत्रावरून दिसते, म्हणून त्यांचे मत मुलीच्या हट्टाइतकेच वजनाचे धरावे. नव्या मादीचे पहिले दोन आठवडे प्रत्यक्षात त्याच पाहणार आहेत. मुलीला ‘तुझ्या सशाच्या जागी दुसरा’ असे सांगून मादी आणू नये. ती त्याच्यासाठी येते आहे, आणि कदाचित मुलीच्या मांडीवर कधीच बसणार नाही, हे तिला आधीच माहीत असावे.

तपासणीत दाढा ठीक निघाल्या, वजन स्थिर राहिले आणि महिनाभराने तो गवतावर परत आला, तर शोध सुरू करा. दाढा घासाव्या लागल्या तर घासल्यानंतर तो नीट खाऊ लागेपर्यंत थांबा, मग ते दोन आठवडे असोत की दोन महिने. पुढे दोघांचे जमले की कोणत्याही कारणाने त्यांना वेगळे करू नये. एकाला दवाखान्यात न्यायचे झाले तरी दोघांना एकाच टोपलीत आणावे, कारण दवाखान्याचा वास घेऊन एकटा परतलेला ससा दुसऱ्याला परका वाटतो आणि जमलेली जोडी फिसकटते. सध्याच्या तपासणीला येताना वजनाची नोंदवही, आदल्या रात्रीच्या ताज्या लेंड्या एका स्वच्छ डबीत, आणि तो खातो त्या गवताची मूठभर काडी सोबत आणा. दुपार टाळून सकाळची वेळ घ्या.